चंडाचा दहावा

"एक," मी म्हणालो, आणि चंडा मेली.

फासा वीस तोंडांचा होता. तो मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकला होता, त्यामुळे फक्त मला दिसत होता, आणि त्याच्यावर चक्क सतरा पडले होते. सतरा म्हणजे चंडा काळडोहातून पोहून वर येणार, आणि येता येता ओव्हरसियर नावाच्या राक्षसाचा एक हात काखेत मारून आणणार. मी एक म्हणालो. एक म्हणजे डोह गिळतो.

दोन वर्षं शालन काटवटे चंडा होती. चंडाची कुऱ्हाड, चंडाच्या जखमा, चंडाच्या झोळीतले सोळा मंतरलेले खडे, सगळं तिनं एका वहीच्या पानावर लिहून ठेवलेलं होतं. त्या पानाची तिनं चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, "आज शुक्रवारच ना?"

हैदर मुजावर मात्र उठून उभा राहिला. हैदर म्हणजे क्रेनवाल्या मुजावरचाचांचा मुलगा, खेळात अब्रक नावाचा जादूगार. दोन वर्षांत कुणी मेलं नाही आणि आजच कसं मेलं, असं तो विचारायला लागला. मी त्याला नियम क्रमांक एकोणतीस म्हणून दाखवला. हा नियम मी त्याच क्षणी तयार केला होता, पण मी नियम म्हणताना डोळे मिटून म्हणायचो, त्यामुळे तो जुना वाटायचा.

हा फासा आमच्याकडे आला कसा, ते सांगायला हवं. खोटं वाटलं तर वाटू दे, मला सवय आहे. ऐंशी सालचा मे महिना. आमची वसाहत धरणाच्या कामावरच्या लोकांची, डोंगराच्या कुशीत पत्र्याच्या खोल्यांची, धरण झालं की उठून जाणारी. तिथं टर्बाइन बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. त्याचा पोरगा सुट्टीत बापाकडे आला, महिनाभर आमच्यात हातवारे करत खेळला, आणि जाताना मला एक खोकं देऊन गेला. बदल्यात मी त्याला एक जिवंत सरडा दिला. तो विमानात सुटला आणि विमान अर्ध्या वाटेतून परत फिरवावं लागलं असं मी पुढं बरीच वर्षं सांगत असे. ते खरं नाही. खोकं खरं होतं. त्यात चित्रविचित्र तोंडांचे सहा फासे आणि साठ पानांचं इंग्रजी पुस्तक. त्यात राजवाडे, भुयारं, ड्रॅगन. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकानं सांगायचं की तुम्ही आता गुहेच्या तोंडाशी आहात, बाकीच्यांनी सांगायचं की आम्ही आत जातो, आणि काय होतं ते फाशानं ठरवायचं.

माझं इंग्रजी गाईवरच्या दहा ओळींपुरतं होतं. पण गोऱ्या पोरानं मला सगळं समजावून सांगितलंय असं मी जाहीर केलं, आणि सूत्रधार झालो. दवाखान्यामागच्या रिकाम्या खोलीत औषधांची खोकी पालथी घालून आम्ही बसायचो. शालनचे वडील दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून ती खोली आमची. बाहेर भोंगा व्हायचा, सुरुंग उडायचे, पत्रे थरथरायचे, आणि आत मी म्हणायचो, "ऐकलंत? राक्षस जागा झाला." असा सूत्रधार गोऱ्यांच्या देशातही कुणाला मिळाला नसेल.

आणि हेही कबूल करतो की चंडा त्याआधी अकरा वेळा मरायला हवी होती. मी मरू दिली नव्हती. तीन पडले की तेरा म्हणायचो. मग त्या शुक्रवारी सतराचं एक का केलं?

कारण त्याच सकाळी शालननं सांगितलं होतं की ती जूनमध्ये मिरजेला जाणार, काकूकडे, कायमची. तिची आई ऑक्टोबरात काविळीनं गेली होती. घरात बाईमाणूस नाही, बाप दिवसभर दवाखान्यात, पोरगी तेरा वर्षांची. वसाहतीतल्या शहाण्या माणसांनी कंपाउंडरकाकांना पुन्हा पुन्हा समजावलं, आणि ते समजले. ट्रंक धुवून उन्हात ठेवलीये, असं शालन म्हणाली. तासाभरानं मी तिला डोहात बुडवली. जाणारच आहे तर जा, असा तो राग होता. तेव्हा मला तो न्याय वाटला.

"दहाव्याला या," शालन दारातून म्हणाली.

"कुणाच्या?"

"चंडाच्या. पुढच्या रविवारी, दहा वाजता, नदीवर. दिगू, तू दही आण. हैदर, तू काही आणू नकोस, नुसता ये."

शुक्रवारी मेलं की दहावा रविवारी येतो. ती गेल्यावर मी बोटांवर मोजून पाहिलं, बरोबर होतं.

ते आठ दिवस मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही, लागली. पण जागेपणी काही बरं नव्हतं. हैदर मला गाठून गाठून विचारायचा, की तुमच्यात दहाव्याला नक्की काय करतात. मी त्याला सांगितलं की भाताचा गोळा करून नदीकाठी ठेवतात, त्याला पिंड म्हणतात. मग सगळे लांब उभे राहतात, आणि कावळा येऊन त्याला शिवला तर मेलेल्या माणसाची इच्छा राहिलेली नाही असं समजतात. आणि नाही शिवला तर, असं त्यानं विचारलं. मग इच्छा काय असेल ते ओळखायचं आणि हात जोडून वचन द्यायचं, की तुझ्या पोरांना सांभाळू, तुझं घर बांधून पुरं करू. बरोबर ओळखलं की कावळा येतो. हैदरनं यावर बराच विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे कावळ्यापुढं खोटं चालत नाही?" मी विषय बदलला.

शालनच्या आईच्या दहाव्याला मी होतो, वडिलांबरोबर. बायकामुली घाटावर येत नाहीत, म्हणून शालन घरी होती. त्या दिवशी नेमके मोठे सुरुंग होते. दहा वाजता भोंगा, मग धडाम, पाच मिनिटांनी पुन्हा धडाम. खोऱ्यातले सगळे कावळे उठून गेले ते परतलेच नाहीत. लोक उन्हात अडीच तास उभे होते. वचनांवर वचनं दिली गेली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळे घाम पुसत घरी आले. संध्याकाळी शालननं मला एकट्याला गाठून विचारलं, शिवला का. ज्या पोराच्या तोंडून सकाळपासून रात्रीपर्यंत खरं निघत नसे, त्यानं त्या दिवशी सांगितलं, "नाही."

रविवारी मी दह्याची वाटी घेऊन नदीवर गेलो. मे महिन्याची नदी, म्हणजे काळ्या खडकांतून जाणारी एक धार. शालन आधीच येऊन बसली होती. केस धुतलेले, ओले, मोकळे. समोर पत्रावळीवर भाताचा गोळा, वर काळे तीळ. तिनं माझ्या हातून दही घेतलं आणि अगदी नीटसपणे गोळ्यावर घातलं. मी खेळ समजून आलो होतो. हा मांडलेला प्रकार खेळातला दिसत नव्हता.

पलीकडच्या उंबरावर पाच कावळे होते. आम्ही मागे सरून खडकाच्या सावलीत बसलो. कावळे आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे.

"बोला," शालन म्हणाली.

हैदर पुढं झाला. त्याला वाटलं आपणच मोठे. हात जोडून म्हणाला, "चंडा, हा अब्रक तुला जबान देतो. ओव्हरसियरला मी सोडणार नाही. त्याची सातही मुंडकी तुझ्या नावानं डोहात टाकीन."

एक कावळा खाली आला, धारेच्या अलीकडे बसला, चोच खडकाला घासली आणि परत वर गेला. मग मी म्हणालो की तुझी कुऱ्हाड आम्ही दुसऱ्या कुणाला देणार नाही. काही नाही. तुझे सोळा खडे देवळात ठेवू. काही नाही. तुझ्या नावानं एक किल्ला बांधू, त्याला सात दरवाजे ठेवू, असं मी रंगात येऊन सांगायला लागलो, तर ते पाचही कावळे उठले, एक गिरकी मारली आणि त्याच फांदीवर पण आमच्याकडे पाठ करून बसले. तुम्ही हसाल. मी तिथं होतो, मला हसू आलं नाही. कावळ्यापुढं खोटं चालत नाही का, हे हैदरनं आधीच विचारून ठेवलेलं मला आठवत होतं. ऊन चढत होतं. दह्याला पाणी सुटलं होतं.

अर्ध्या तासानं माझा धीर सुटला.

"सतरा होते," मी म्हणालो.

"काय?" हैदर म्हणाला.

"फाशावर. एक नव्हता पडला, सतरा पडले होते. चंडा मेली नाही. मी मारली." आणि एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर आलं: पुस्तक मला वाचता येत नाही, एकोणतीसही नियम माझेच, गोऱ्यानं मला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. मी कावळ्यांकडे बघत होतो. आता तरी येतील. माझ्यासारख्यानं एवढं खरं एका दमात सांगितल्यावर गरुडसुद्धा आला असता.

कावळे आले नाहीत. हैदर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या देखत सरडा गिळला.

शालन शांतपणे म्हणाली, "मला मरायचंच होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तीन शुक्रवार मरायला बघत्ये मी. एकदा ड्रॅगनच्या तोंडात हात घातला, एकदा कड्यावरून उडी मारली. तू मरूच देत नव्हतास. म्हणून गेल्या शुक्रवारी आधी मिरजेचं सांगितलं, आणि मग डोहात गेले. म्हटलं चिडला तर मारील."

"पण कशाला?" हैदर म्हणाला.

"दहावा रविवारी यायला हवा होता. रविवारी सुरुंग नसतात." तिनं पत्रावळीकडे बघितलं. "हा चंडाचा नाही. आईचा म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना थक्क केलं आहे, तो माझा धंदाच आहे म्हणा. पण त्या खडकावर मी गार पडलो. दोन वर्षं मला वाटत होतं की खेळ मी चालवतो.

हैदर उठून जायला निघाला. मेलेल्या माणसापुढं खेळातली वचनं देणं पाप आहे, असं तो म्हणत होता, तुमच्यात नसलं तरी आमच्यात आहे. तेवढ्यात वरच्या पायवाटेनं दगड घरंगळत आले आणि त्यांच्या मागून कंपाउंडरकाका. बनियन, लुंगी, एकाच पायात चप्पल. रविवारचं आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर काळे तीळ सांडलेले आणि पोरीचा पत्ता नाही. ज्या घरातून सात महिन्यांपूर्वी एक माणूस गेलं, त्या घरात असे तीळ दिसल्यावर बापाच्या मनात काय काय आलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पोरगी जिवंत बघून ते आधी खडकाला धरून उभे राहिले. मग त्यांना पत्रावळ दिसली.

"कुणाचं करतेस हे?"

"खेळातलं आहे, काका," मी घाईघाईनं म्हणालो, "चंडाचं."

"आईचं," शालन म्हणाली.

मला वाटलं आता हिला थोबाडीत बसते. काकांनी हात उचललाही. तो हात तसाच त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर गेला आणि ते मटकन खाली बसले.

"आईचं झालंय बाळ. भटजींनी रीतसर दर्भ लावला."

"दर्भ माणसांनी लावला. कावळा नाही शिवला."

"सुरुंग होते त्या दिवशी."

"आज नाहीत," शालन म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काय काय सांगितलंत तिला?"

काका वाळूत बोट ओढत राहिले. तंबाखू सोडतो म्हणालो. कुलदेवीला जाऊन येतो म्हणालो. तुझ्या आत्याचे यजमान म्हणाले, शालनचं लग्न थाटात करून देऊ.

"माझं म्हणून एवढंच?"

"अजून काय सांगायचं होतं, गं?"

"मला मिरजेला पाठवणार, ते."

"तेव्हा ठरलं नव्हतं."

"मग आत्ता सांगा. तो बसलाय. सांगा, आणि शिवतो का बघा."

माझे डोळे आपोआप उंबराकडे गेले. हैदरचेही. काका उठले, लुंगी झटकली, हात जोडले.

"अगं," ते भाताच्या गोळ्याला म्हणाले, "मी शालनला वहिनीकडे पाठवतोय. तिथं तिचं नीट होईल. मला इथं जमत नाही. मला वेणी घालता येत नाही तिची. शाळेतनं आली की घर बंद असतं. लोक..." तिथं ते थांबले.

आम्ही थांबलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी हे इतक्या वेळा मनातल्या मनात मोजलं आहे की आता त्याचा तासही होतो आणि मिनिटही. कावळे हलले नाहीत.

शालन बापाकडे बघत नव्हती. ती पत्रावळीकडे बघत होती. तिनं दात आवळून धरले होते. मिरजेचं कधी ठरलंच नसतं तरी हिनं हेच केलं असतं, असं मला वाटलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा वळले आणि या वेळी मोठ्यानं, नदीच्या पलीकडे ऐकू जावं असं म्हणाले, "नाही पाठवत. इथंच ठेवतो. तू ये आणि शीव, मग कोण काय म्हणतं ते मी बघतो." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "घरचं माणूस समोर असलं की तो येत नाही. आम्ही वळणापलीकडे जातो. तुम्ही दोघं इथं थांबा आणि बघा. आणि दिगू, जे होईल तेच सांगायचं. त्याच्यावर सगळं आहे."

ते शालनला घेऊन मोठ्या खडकाच्या पलीकडे गेले.

आणि तो आला. देवाशपथ सांगतो, एक कावळा उंबरावरून उतरला, धार ओलांडली, आणि पत्रावळीपासून हातभर लांब टेकला. मान वाकडी केली. एक उडी. दुसरी उडी. हैदरनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. अजून एकच उडी हवी होती.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून एक बकरी आली.

पांढरी, कानांवर काळे ठिपके, गळ्यात तुटलेलं दावं. ती सरळ चालत आली, कावळा फडफडत उडून गेला, आणि तिनं पिंडात तोंड घातलं. आम्ही ओरडायला हवं होतं. दगड मारायला हवा होता. आमच्यापैकी एकाच्याही तोंडून हूं का चूं निघालं नाही. तिनं भात खाल्ला, दही चाटलं, तीळ टिपले, आणि मग आवडलं असावं, पत्रावळही खाल्ली. शेवटची काडीसुद्धा. माझ्या कानात नुसतं चर्र चर्र ऐकू येत होतं.

"आमची रेश्मा," हैदर पुटपुटला.

खडकापलीकडून काकांचा आवाज आला. "शिवला का रे?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडातून विमानं परत फिरली, नद्या उलट्या वाहिल्या, त्या तोंडातून एक शब्द फुटेना. त्यांनी जे होईल तेच सांग म्हणून बजावलं होतं, आणि झालं होतं ते असं. काकांनी पुन्हा हाक मारली. या वेळी हैदरचं नाव घेऊन. साहजिक होतं. वसाहतीत कुणाच्या खिडकीची काच फुटली की आधी हैदरला विचारत. तो स्वतःनं फोडलेलीही सांगायचा.

हैदर बकरीकडे बघत होता.

"शिवला, काका," तो मोठ्यानं म्हणाला. "दोनदा."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

काका धावत खडकाला वळसा घालून आले. एकटेच. शालनला तिथंच थांबायला सांगितलं असावं. त्यांनी रिकाम्या जागेकडे बघितलं.

"पत्रावळ कुठाय?"

"घेऊन गेला," हैदर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "भुकेला होता."

"पत्रावळीसकट?"

हैदरनं मान डोलावली. मग काकांची नजर बकरीकडे गेली. ती चार पावलांवर उभी राहून रवंथ करत होती. तिच्या दाढीला दही लागलेलं होतं, आणि नाकावर तीळ. तीन, चार, काळेभोर, स्वच्छ मोजता येतील असे.

काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. हैदर सांगायचा की त्यानं त्या वेळी मनात कलमा म्हटला. पलीकडून शालनची पावलं वाळूत वाजायला लागली, तिला थांबवलं नव्हतं बहुतेक, की थांबवून थांबली नव्हती.

मी डोळे उघडले तेव्हा कंपाउंडर काटवटे बकरीपुढं गुडघ्यावर बसले होते. एका हातानं तिचं शिंग धरलेलं, दुसऱ्या हातात लुंगीचा सोगा. दवाखान्यात लहान पोरांचं तोंड पुसायचे तितक्याच हलक्या हातानं त्यांनी तिची दाढी पुसली, नाक पुसलं, एकेक तीळ टिपून घेतला. मग तिला मागून एक थाप मारून जाळीत हाकललं, उभे राहिले, आणि पाठ वळवून हाक मारली:

"ये गं शालन. शिवला."